'चांगल्या' शाळेतील व्यसन

आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की भरमसाट फी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. तेथे फी नसते. पण तिच्या खर्चाचा मोठा वाटा बहुतेक ठिकाणी त्या गावच्या घरपट्टीतून येतो. घरे महाग तेथे शाळेकडे पैसा जास्त, आणि शाळा नावाजलेली तेथे घरे आणखी महाग. थोडक्यात, फी असतेच. ती घराच्या किमतीत दडलेली असते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांकडून 'शाळा पाहून घर घेतले' हे आम्ही पुष्कळदा ऐकतो.

अशा शाळेत मूल गेले की वाईट संगत टळली, असा सर्वसाधारण समज. डॉ. सुनिया लुथार यांच्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. दिल्लीत शिकून येल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेल्या या मानसशास्त्रज्ञ गरीब वस्तीतील मुलांचा अभ्यास करीत होत्या. केवळ तुलनेसाठी म्हणून त्यांनी सधन उपनगरातील २६४ मुलामुलींची माहिती घेतली. गरीब वस्तीतील २२४ होती, सगळी दहावीतली. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिगारेट, दारू, गांजा आणि त्याहून घातक पदार्थ, या सर्वांत सधन घरची मुलेच पुढे होती!

खिशात पैसे, हाताशी गाडी, संध्याकाळी रिकामे घर, ही कारणे कोणालाही सुचतील. पण ती सोय झाली, कारण नव्हे. सधन मुलांमध्ये व्यसनाचे नाते चिंता आणि उदासी यांच्याशी जुळत होते, म्हणजे मनाचा ताण बुडवण्यासाठी ती नशेकडे वळत असावीत. पुढच्या अभ्यासांत दोन गोष्टी ठळक झाल्या: सतत अव्वल राहण्याचा दबाव आणि आईवडिलांपासूनचा दुरावा. शिवाय उपनगरातील मुलांमध्ये नशा करणारा वर्गात लोकप्रिय असतो असेही दिसले. परीक्षेच्या रात्री जागण्यासाठी दुसऱ्याच्या औषधाच्या गोळ्या घेणे तर काहींना व्यसन वाटतच नाही, अभ्यासाचा भाग वाटतो.

सापडल्यावर काय होते, यातही श्रीमंती आडवी येते. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१३ च्या अहवालानुसार गोरे आणि कृष्णवर्णीय गांजा साधारण सारख्याच प्रमाणात ओढत; गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता मात्र कृष्णवर्णीयांची ३.७३ पट होती. ऐपतीच्या घरचे मूल सापडले तर वकील उभा राहतो, शाळेलाही नावाची काळजी असते, आणि प्रकरण मिटते. प्रकरण मिटले तरी सवय मिटतेच असे नाही. न्यू इंग्लंडमधील अशाच मुलांचा मागोवा घेणारा लुथार यांचा अभ्यास २०१७ साली पुढे आला. सव्विसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यातील व्यसनाधीनतेचे प्रमाण राष्ट्रीय प्रमाणाच्या दुप्पट ते तिप्पट आढळले.

पालकांना एक निष्कर्ष मुद्दाम सांगावासा वाटतो. नशा केल्यास घरी खरोखर परिणाम भोगावे लागतील असे ज्या मुलांना वाटत होते, त्यांच्यात व्यसन कमी होते. आणि बऱ्याच घरांत उद्धट बोलण्याला जितकी कडक शिक्षा होई, तितकी नशेला होत नव्हती.