वर्तुळातला फेरफार क्रमांक

मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ असली, तरी त्या राज्याच्या जमीन-नोंदींचा कारभार पाहणाऱ्या भू-अभिलेख आयुक्तांचे कार्यालय दीर्घकाळ ग्वाल्हेरला, शिंदेकालीन मोतीमहालाच्या परिसरात राहिले. 1956 मध्ये मध्य भारत हे राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन झाले आणि ग्वाल्हेरचा राजधानीचा मान गेला, तेव्हा राजस्व मंडळासारखी काही महत्त्वाची कार्यालये या शहराच्या वाट्याला आली, एवढी पार्श्वभूमी पुरे.

या नोंदींच्या कारभारात अलीकडे झालेला सर्वांत लक्षणीय बदल म्हणजे ‘सायबर तहसील’. 2022 मध्ये दतिया आणि सीहोर या जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था 29 फेब्रुवारी 2024 रोजी राज्याच्या सर्व 55 जिल्ह्यांत लागू झाली. संपूर्ण खसऱ्याची, म्हणजे न तोडलेल्या भूखंडाची, रजिस्ट्री झाली की खरेदीदाराने वेगळा अर्ज न करताच नामांतरणाचे प्रकरण संगणकात आपोआप उभे राहते, सूचना निघते, पटवाऱ्याचा अहवाल येतो, हरकत नसल्यास आदेश होतो आणि अभिलेख दुरुस्त होतो.

ही साखळी जिच्या आधारे चालते, ती वस्तू अगदी लहान आहे: एका टप्प्याने पुढच्या टप्प्याच्या हाती दिलेला क्रमांक. माहितीसाठ्यात नवी नोंद पडते, तेव्हा तिला एक ओळख क्रमांक मिळतो. नोंद करणाऱ्या टप्प्याने तो तत्क्षणी टिपून पुढे द्यायचा असतो, आणि पुढच्या टप्प्याने त्याच क्रमांकाने नोंद उघडायची असते. पुढच्या टप्प्यावर खातेदाराच्या नावावरून शोध घेतला, तर एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच पितृनामाचे दोघे निघाले की प्रकरण भलत्याच शेतावर जाऊन बसते. ‘सर्वांत शेवटी पडलेली नोंद ती आपलीच’ असे गृहीत धरणे तर याहून घातक आहे, कारण त्याच क्षणी दुसऱ्या उपनिबंधक कार्यालयातून आणखी एक रजिस्ट्री नोंदली गेलेली असू शकते, आणि ही चूक गर्दीच्या वेळीच घडत असल्याने चाचणीत सहसा सापडत नाही.

मराठी वाचकाला हे तत्त्व नवे वाटू नये. हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेल्या मालकाचे नाव कंसात जाई आणि नव्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा लिहिला जाई; तो गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवहीतला क्रमांक. तलाठ्याने त्या वर्तुळावर बोट ठेवून नोंदवहीचे नेमके पान उघडले, की खरेदी, वारसा वा वाटणी यांपैकी कशामुळे नाव चढले, ते तिथेच कळे. संगणकतज्ज्ञ ज्याला दोन तक्त्यांमधला दुवा म्हणतात, तो महसुली दप्तराने शाईने आखून ठेवला होता, आणि त्याचे श्रेय त्या दप्तराला पुरेसे दिले जात नाही.

खसरा क्रमांक मात्र एकटा पुरत नाही. 125 क्रमांकाचे शेत शेकडो गावांत असते. म्हणून जिल्हा, तहसील आणि गाव यांच्यासह तो पुढे गेला, तरच ओळख पूर्ण होते. शिवाय बटांकन झाले, म्हणजे एका शेताचे तुकडे पडून ‘125 बटा 1’ आणि ‘125 बटा 2’ झाले, की जुना आकडा तेवढ्या क्षेत्राचे नाव राहत नाही. देशभर दिला जाणारा चौदा अक्षरांकांचा ‘भू-आधार’ भूखंडाच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला आहे, तरीही तुकड्यांना स्वतंत्र ओळख द्यावीच लागते.

सायबर तहसीलची सुरुवात संपूर्ण खसऱ्यापासून का सोयीची ठरली, हे यावरून उमगते. संपूर्ण शेत विकले गेले, तर रजिस्ट्रीत शिरलेला क्रमांक अंतिम आदेशापर्यंत तोच राहतो. शेताचा भाग विकला गेला, तर साखळीच्या मध्येच नवा क्रमांक जन्माला येतो, आणि ज्या रजिस्ट्रीने तो घडवला तिच्या नोंदीशी त्याला मागे नेऊन जोडावे लागते.