जुनी हेराल्ड आणि भद्रावतीचा वैशाख

मद्रासला १९६१ पासून तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड ही इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डचेच भावंड. त्या हेराल्डचा सांगाडा आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. अशा गाडीने भद्रावतीहून चंद्रपूरला रोज जावयाचे म्हटले, की आपली गाठ वैशाखाशी पडते. पेट्रोल नळीतच उकळते, वाफ अडते, गाडी थांबते. हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसकट उलटते, ही सोय मोठी; पंपावर ओले फडके टाकून आपण स्वस्थ बसावे. स्टार्टर मारीत राहिलो तर बॅटरीही जाते! हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या मऊ पडून पाझरतात, आणि खाली इंजिन तापलेले असते. तेव्हा आधी नळ्या बदलाव्यात. रंगाचे पुढे पाहू.