धुळ्याची सत्कार्योत्तेजक सभा

महाराष्ट्रांतील ग्रंथसंग्राहकांस धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचें नांव परिचित आहे. परंतु त्या नांवाचा व सभेच्या कार्याचा संबंध सहसा कोणी पाहत नाहीं. तो येथें थोडक्यांत दाखवावयाचा आहे.

सभा इ. स. १८९३ सालीं स्थापन झाली. त्या वेळीं जळगांव व धुळें हे निराळे जिल्हे नव्हते. खानदेश हा एकच जिल्हा असून धुळें हें त्याचें मुख्य ठिकाण होतें. पूर्व व पश्चिम अशी विभागणी १९०६ सालीं झाली. ‘उत्तेजक’ हा शब्द त्या काळच्या संस्थांचा आवडता. पुण्याची वेदशास्त्रोत्तेजक सभा १८७५ सालची. पुण्याच्या नांवांत कार्याचा विषय सांगितलेला आहे, धुळ्याच्या नांवांत तो नाहीं. सत्कार्य कोणतें, हें सभासदांनींच ठरवावयाचें होतें. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनीं सभेच्या द्वारें जें कार्य चालविलें, तें रामदासी वाङ्मयाचा शोध, संग्रह व प्रकाशन हें होय. काँग्रेसचे पुढारी शंकरराव देव ते निराळे.

या सेवेची गरज दासबोधावरून कळते. वीस दशक, दोनशें समास आणि ७,७५१ ओव्यांचा हा ग्रंथ नकलांच्या द्वारें पसरला, आणि प्रत्येक नकलेबरोबर पाठभेदांची भर पडत गेली. कल्याणस्वामी हे समर्थांचे लेखक. त्यांच्या डोमगांव मठांतील प्रतीवरून देवांनीं १९०५ सालीं दासबोध प्रसिद्ध केला. मूळ लेखकाच्या परंपरेंतील प्रत मिळाली म्हणजे मधल्या नकलकारांचे दोष टळतात, हें तत्त्व त्यामागें होतें.

मठांतील बाडांचीहि गोष्ट अशीच. एकाच बाडांत अभंग, पदें, आरत्या व प्रकरणें एकामागून एक उतरलेलीं असतात. एखादें पान सुटें करून नेलें, तर मजकूर हातीं राहतो. पण हस्ताक्षर, क्रम व शेजारचा मजकूर यांवरून कर्ता व काळ ठरविण्याचें साधन नष्ट होतें. म्हणून बाड जसें असेल तसें अखंड राखणें ही संशोधनाची पहिली पायरी होय.

देवांचा शोध पोथ्यांपाशीं थांबला नाहीं. १९३० सालीं त्यांनीं महाडजवळील शिवथरघळीचें स्थान निश्चित केलें. १९३५ सालीं धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिर उभें राहिलें. समर्थांच्या हस्ताक्षरांतील म्हणून मानलेलें वाल्मीकिरामायण याच संग्रहांत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजीं याच गांवीं झालें आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें स्थापन झालें. एकाच शहरांत अशीं दोन संग्रहस्थानें असावीं, हें खानदेशास भूषणावह आहे.

यांतून घ्यावयाचा बोध संग्राहकांसाठींच आहे. घरची पोथी एका पिढीच्या आवडीवर जगते. संग्राहकामागें वारसांत तिचीं पानें वाटलीं जातात. सभेच्या स्वाधीन झालेली पोथी सर्वांची होते व ताडून पाहतां येते. पोथी मिळविणें हा छंद होय. ती दुसऱ्यास वाचावयास खुली करणें हें सत्कार्य होय. सभेनें आपल्या नांवांतील मोकळी जागा याच अर्थानें भरून काढली.