युवराज सादो

ली जून-इक यांच्या ‘सादो’ (२०१५) या कोरियन बोलपटाची कथा इतिहासांत घडलेली आहे. सन १७६२ मध्यें राजा योंगजो यानें आपल्या पुत्रास, युवराजास, तांदूळ ठेवावयाच्या लांकडी पेटींत कोंडविलें; आठ दिवसांत तो मरण पावला. पेटीच कां, असा प्रश्न आम्हांस पडला. इतिहासकार सांगतात तें असें: युवराजाचें मन बिघडून त्याच्या हातून हत्या घडल्या होत्या, तेव्हां राज्य त्याच्या हातीं सोंपविणें राजास अशक्य झालें. परंतु गुन्हेगार ठरवून उघड देहदंड दिला असता, तर कायद्यानें त्याची पत्नी व लहान मुलगा हींहि शिक्षेस पात्र ठरलीं असतीं. पेटीमुळें नातू वांचला. राजकर्तव्यांत मायेस जागा उरली ती एवढीच! ‘सादो’ हें नांवहि राजानेंच त्यास मृत्यूनंतर दिलें. त्याचा अर्थ शोकानें स्मरण करणें असा होतो. सन १७७६ मध्यें गादीवर बसतांच त्या नातवानें दरबारास ऐकविलें कीं, आपण सादोचेच पुत्र आहोंत.