काळ्या मातीची हूल

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशे गावी मिरच्या तोडताना आईची अंगठी शेतात पडली. वडिलांची तेवढीच आठवण! पुतण्याने नवेकोरे धातुशोधक यंत्र आणले; पण कसचे काय! पावलोपावली ते कोकले आणि खणल्यावर निघाली ढेकळे. (गावच्या प्राचीन टेकाडाकडे मात्र मी त्याला फिरकू दिले नाही, तेथे १९५५ साली उत्खनन झाले आहे.)

दोष यंत्राचा नव्हता. आमची काळी माती बेसाल्ट खडकाची. तिच्यातल्या लोहकणांनाच ते भुलत होते. मग खिशातला मोबाइल बांधावर ठेवायला लावला, यंत्राची संवेदनक्षमता उतरविली, चकती जमिनीपासून सारख्या उंचीवर धरली. उभे-आडवे, दोन्हीकडून वाजेल तेच खरे मानायचे ठरले.

तिन्हीसांजेला तसे वाजले. आईनेच माती उकरली. आधी बाटलीचे बूच निघाले. चार बोटे पुढे अंगठी!