नर्मदेचे दोन रोखे

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे विकले. व्याज ८.२५ टक्के, किमान गुंतवणूक दहा हजार. पैसा जलूदच्या सौर प्रकल्पाला, म्हणजे नर्मदेचं पाणी इंदुरात चढवणाऱ्या पंपांच्या विजेला. रोख्यांचं माहितीपत्रक मात्र इंग्रजीत. मध्य प्रदेशातल्याच पांढुर्णा जिल्ह्यातल्या मोहगावच्या मराठी घरात ते पोचलं तरी वाचणार कोण?

अशी माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या पेशाला खरं मोल आलं ते १९९२ नंतर. त्याआधी भांडवल उभारणीवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियंत्रकाची मंजुरी मिळाली की कागदाचं काम संपे. १९९२ मध्ये ते कार्यालय बंद झालं, बाजाराची नियामक संस्था सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले आणि छापील शब्दाला वजन आलं. मर्चंट बँकर मसुदा करी, वकील शब्द न् शब्द घासून घेई, क्रिसिलसारखी संस्था पत ठरवी.

त्याच वर्षी आयडीबीआय या सरकारी वित्तसंस्थेने २,७०० रुपयांचा रोखा काढला. पंचवीस वर्षांनी एक लाख. पण मुदतीआधी पैसे परत करण्याचा हक्क संस्थेनेही राखून ठेवला होता. पुढे व्याजदर उतरले आणि तिने तो वापरला. लोक हळहळले, तरी कलम कागदावर होतं.

१९९३ चा गुजरात सरकारच्या सरदार सरोवर नर्मदा निगमचा रोखा वेगळा. आज ३,६०० भरा, वीस वर्षांनी १,११,००० घ्या. सात, अकरा किंवा पंधरा वर्षांनी बाहेर पडण्याची मुभा होती, ती फक्त रोखेधारकाला. मसुदा लिहिणाऱ्यांनी निगमला तशी वाट ठेवलीच नव्हती.

ती वाट गुजरात सरकारने २००८ मध्ये कायदा करून काढली. जानेवारी २००९ मध्ये ५०,००० रुपये देऊन रोखे संपवले. रक्कम लहान नव्हती. पण ज्या कलमावर विसंबून लोकांनी पंधरा वर्षं कागद जपला, ते कलम विधानसभेने निकामी केलं. इमानाने मसुदा लिहिणाऱ्यांचा याहून मोठा अपमान झालेला नाही.

आता तर कंपन्यांचे बहुतेक रोखे बड्या गुंतवणूकदारांना खासगीतच विकले जातात. सामान्य माणसासाठी माहितीपत्रक लिहिण्याचं काम उरलंय थोडकं. ते तरी नीट व्हावं. इंदूरच्या पुढच्या रोख्यांना मराठी आणि हिंदीत दोन पानांचा गोषवारा जोडा, आणि मुदतीआधी पैसे परत करण्याचा हक्क कोणाचा, हे पहिल्याच पानावर ठळक छापा.