तीस अंशांची शिस्त

भोसरीच्या लहान वर्कशॉपांत मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क चालतं. मशीनवरच्या माणसाच्या हाती येतो तो ड्रॉइंगचा कागद, आणि त्यावर वस्तू वस्तूसारखी दिसतेच असं नाही. दिसतात ती तिची सपाट तोंडं : समोरून, वरून, बाजूने. त्यांतून अख्खा जॉब डोक्यात उभा करणं हे कारागिराचं पहिलं काम. धातूला हात त्यानंतर. महापालिकेच्या मोरवाडीतल्या आयटीआयसारख्या संस्थांत शिकवल्या जाणाऱ्या आयसोमेट्रिकचा, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवणाऱ्या पद्धतीचा, उपयोग इथेच आहे. संगणक एका क्लिकमध्ये तेच चित्र देत असताना पोरांना गुण्या घेऊन कागद का घासायला लावायचा, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवरचा आहे.

पाया अगदी साधा. एक रेघ उभी, दोन रेघा डावी-उजवीकडे आडव्याशी 30 अंशांत. मापं घ्यायची ती याच तीन दिशांनी. कस लागतो तो तिरकी कड आली की. 60 मिलिमीटरचा घन घ्या. त्याच्या वरच्या चौरसाचे दोन्ही कर्ण प्रत्यक्षात सुमारे 85 मिलिमीटर. कागदावर मात्र एक होतो 104, दुसरा 60. म्हणजे कर्णावर पट्टी ठेवून माप टाकणारा फसलाच. तिरक्या कडेची दोन्ही टोकं 30 अंशांच्या आणि उभ्या रेघांवरून मोजत शोधायची, मगच ती जोडायची. गोल भोकही गोल राहत नाही. आधी त्याभोवतीचा चौकोन 30 अंशांत काढून चार केंद्रांवरून कंपास फिरवला की लंबगोल जुळतो. कुठलं माप थेट घ्यायचं आणि कुठलं शोधून काढायचं, हा विवेक इथे हाताला लागतो.

मग हे चित्र खोटंच की, असं कुणी म्हणेल. आहेच. काटेकोर प्रक्षेपणात 60 ची कड सुमारे 49 दिसायला हवी. आपण सोयीसाठी पूर्ण 60 काढतो, म्हणून चित्र सुमारे 22 टक्के मोठं होतं. पण तिन्ही दिशांना सारखंच मोठं, त्यामुळे प्रमाण बिघडत नाही. केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी 1822 मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा व्याख्यानातली यंत्रं सुटे भाग जोडून उभी करणाऱ्या मदतनिसांना कळेल असं चित्र त्यांना हवं होतं. चित्र जोडणाऱ्यासाठी होतं, भिंतीसाठी नव्हे.

राहिला संगणक. सॉफ्टवेअर वस्तू फिरवून दाखवतं, पण ती आधी कुणीतरी बरोबर उभी केलेली असली तरच; आणि त्यासाठी ड्रॉइंग वाचता यावं लागतं. चाकणच्या पट्ट्यात देशोदेशींच्या कंपन्यांची कामं येतात. कागदावर ही तोंडं मांडण्याची पद्धत आपल्याकडे फर्स्ट अँगल, अमेरिकेत थर्ड अँगल. पहिल्यात डावीकडून दिसणारं चित्र उजवीकडे काढतात, दुसऱ्यात डावीकडेच. कोपऱ्यातली पद्धतीची खूण न पाहता वाचलं तर खाच उलट्या बाजूला पडते आणि जॉब भंगारात जातो. शेजारी हाताने चार रेघांत आयसोमेट्रिक काढून पाहणाऱ्याला ही गफलत धातू कापण्याआधी दिसण्याची शक्यता पुष्कळ जास्त. म्हणून आयटीआयच्या पोरांना सॉफ्टवेअर जरूर शिकवा, पण हाताने ठोकळे काढून झाल्यावर. क्रम उलटा केला, तर माऊस चालवणारे मिळतील, ड्रॉइंग वाचणारे मिळणार नाहीत.